छतावर उरलेली वीज गाडीत कशी भरावी? (जळगाव, 3 किलोवॅट, नेट मीटर)

गिरणाथडी, 9 फेब्रुवारी, रात्री 9.40

मंडळी, प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

मागच्या जूनमध्ये गच्चीवर 3 किलोवॅटचं सोलर बसवलं. पीएम सूर्यघर योजनेतली 78,000 ची सबसिडी खात्यात जमा झाली, आणि तेव्हापासून बिल येतं ते स्थिर आकाराचं. घरात चार माणसं, एक फ्रिज, एक जुना डेझर्ट कूलर. एसी नाही. जानेवारीत पेट्रोलची गाडी विकली आणि इलेक्ट्रिक टियागो घेतली, 24 युनिटच्या बॅटरीची. माझी शाळा एरंडोलला. जाऊन-येऊन रोजचे साठेक किलोमीटर.

आता दुखणं सांगतो. ऊन असतं तेव्हा गाडी एरंडोलला शाळेच्या लिंबाखाली उभी. ती घरी येते तेव्हा दिवे लागलेले असतात. म्हणजे दुपारभर माझी वीज खांबावर चालली, आणि रात्री मी त्याच खांबावरून वीज ओढून गाडी भरतोय. इन्व्हर्टरच्या ॲपवर दुपारी एकला 2.3 किलोवॅट दिसतात. घरात तेव्हा फ्रिज आणि आईचा पंखा, बाकी सगळं बाहेर. जिवाला लागतं हो.

परदेशातले व्हिडिओ पाहिले. तिकडे असे चार्जर मिळतात की छतावर जेवढं उरेल तेवढंच गाडीत घालतात. ढग आला की हात आखडता, ऊन पडलं की पुन्हा सुरू. आपल्याकडे असं कोणी केलंय का? खर्च किती? मार्चपासून सकाळची शाळा होईल, पाऊण वाजता मी घरी. तेव्हा तरी उपयोग होईल का?

बिलावर शिल्लक युनिट 712 दिसतात, त्यांचं काय करायचं तेही सांगा.

जुगाडू धुळेकर, 9 फेब्रुवारी, रात्री 10.15

भो, माझ्या आवडीचा विषय काढलास!

आधी हे होतं कसं ते सांगतो. चार्जर म्हणून आपण जी पेटी म्हणतो तो खरा चार्जर नव्हेच. खरा चार्जर गाडीच्या पोटात. भिंतीवरची पेटी फक्त गाडीला सांगते की बाई, तू एवढे अँपिअर घेऊ शकतेस. हे सांगायला गाडीत खुपसायच्या टाइप 2 च्या प्लगमध्ये एक बारकी तार असते, तिला कंट्रोल पायलट म्हणतात. तिच्यावर सेकंदाला हजार वेळा चालू-बंद होणारा सिग्नल जातो. तो 10 टक्के वेळ चालू असला तर अर्थ 6 अँपिअर, 20 टक्के असला तर 12. पेटीने टक्का बदलला की गाडी काही सेकंदांत आपलं ओढणं बदलते. परदेशातल्या त्या पेट्या एवढंच करतात: मीटरजवळ किती उरतंय ते मोजायचं आणि त्याप्रमाणे टक्का हलवायचा.

खालची मर्यादा 6 अँपिअर. त्याच्या खाली भाषाच नाही. 6 गुणिले 230 म्हणजे 1,380 वॅट. तुझ्याकडे 1,200 वॅट उरत असतील तर गाडी एकतर थांबेल, नाहीतर 180 वॅट बाहेरून घेईल.

गाडीबरोबर येणारी वायर 15 अँपिअरच्या प्लगवर चालते, ती ठरलेलंच घेते, 3 किलोवॅटच्या आसपास. ती हुशार करता येत नाही. मी देवपुरातल्या घरी स्वतः पेटी बनवतोय. ईएसपी 32 चा बोर्ड (प्रोग्राम चालवणारा बारका कंप्युटरच म्हण), एक करंट मोजायचा चिमटा आणि पायलटचं सर्किट. सामान साताठ हजारांत बसतं. कळवतो.

दीपनगरी, 10 फेब्रुवारी, सकाळी 6.05

गिरणाथडी सर, पेटी घेऊ नका. तुम्हाला तिचा एक पैशाचा उपयोग नाही.

नेट मीटर दोन आकडे मोजतो, किती आलं आणि किती गेलं. महिन्याअखेरी वजाबाकी. दुपारी एकला दिलेलं युनिट रात्री दहाला घेतलं तरी एकास एक वळतं होतं. तुमची वीज खांबावर जाऊन मरत नाही, ती शेजारणीच्या मिक्सरमध्ये जाते, आणि तुमच्या खात्यावर ते युनिट उभं राहतं. तुमच्यासाठी खांब हीच बॅटरी आहे. फुकट, आणि खराब न होणारी.

तुमचा हिशोब मिनिटाचा नाही, वर्षाचा आहे. शिल्लक युनिट 31 मार्चपर्यंतच पुढे सरकतात. आर्थिक वर्ष संपलं की उरलेल्याचे पैसे मिळतात, पण ज्या भावाने तुम्ही युनिट घेता त्याच्या मानाने किरकोळ. 1 एप्रिलला पाटी कोरी. आणि आपल्याकडे कूलर केव्हा लागतो? एप्रिलमध्ये. हिवाळाभर साठवायचं आणि भूक लागायच्या आदल्या दिवशी डबा रिकामा करायचा, असा हा नियम आहे.

तेव्हा 712 ची चिंता करा, दुपारी एकच्या 2.3 किलोवॅटची नको.

गिरणाथडी, 10 फेब्रुवारी, सकाळी 7.20

काका, म्हणजे रात्री चार्ज केलं तरी तेवढंच? एक पैशाचा फरक नाही?

दीपनगरी, 10 फेब्रुवारी, सकाळी 7.40

तुमच्या आजच्या मीटरवर, नाही.

दर वेळेप्रमाणे बदलले तर मात्र चित्र वेगळं. घरगुती टीओडी (वेळेप्रमाणे दर लावणाऱ्या) मीटरला सकाळी 9 ते संध्याकाळी 5 दरात सवलत सुरू झालीच आहे. कारण सोपं आहे. साक्रीजवळ शिवाजीनगरला महानिर्मितीचा 125 मेगावॅटचा सौर प्रकल्प 2013 पासून आहे. तिथपासून तुमच्या गच्चीपर्यंत सगळे दुपारी एकदम देतात, आणि संध्याकाळी सातला सगळे एकदम मागतात. तेव्हा भार येतो तो आमच्या दीपनगरसारख्या कोळशाच्या केंद्रावर. मी नोकरीभर तो सातचा चढ बघितलाय, कंट्रोल रूममध्ये चहा थंड व्हायचा. उद्या दुपारचं युनिट रात्रीच्या युनिटाशी एकास एक वळतं होईनासं झालं, तर धुळेकरांची पेटी सोन्याची. आज नाही.

जुगाडू धुळेकर, 10 फेब्रुवारी, सकाळी 9.10

काका, तुमचं गणित बरोबर. पण मजा म्हणून काही करायचं की नाही?

दीपनगरी, 10 फेब्रुवारी, सकाळी 9.15

करा की. 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळायला लागली की लगेच तोडणारी कळ) लावल्याशिवाय मात्र करू नका.

केळीवाला, 11 फेब्रुवारी, दुपारी 2.30

नमस्कार. रावेर तालुका. मळ्यात योजनेतला 5 एचपीचा सौर पंप आहे, पॅनेल साधारण 5 किलोवॅटचं. आता थंडीत केळीला पाणी कमी लागतं, ठिबक दोन-अडीच तास चालवलं की झालं. बाकी दिवसभर पॅनेल उन्हात नुसतं बसून. आमच्याकळे पोराने इलेक्ट्रिक गाडी घेतली आहे. त्या पॅनेलवर गाडी लावता येईल का? वायरमन म्हणतो दोन वायरी काढून देतो.

दीपनगरी, 11 फेब्रुवारी, दुपारी 3.00

भाऊ, त्या वायरमनला चहा पाजा आणि वाटेला लावा.

पंपाचा कंट्रोलर मोटरसाठी बनलाय. ऊन कमी झालं की तो फ्रिक्वेन्सी उतरवतो म्हणजे मोटर हळू फिरते, ऊन वाढलं की चढवतो. थ्री फेज, आणि दर मिनिटाला वेगळा. गाडीला हवे 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झ, हलता कामा नये.

पॅनेलकडून थेट वायरी काढल्या तर ते डीसी, कित्येक शे व्होल्ट. घरातला प्लग काढताना बारीक ठिणगी पडते आणि विझते, कारण एसी सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो. डीसी शून्यावर येतच नाही. ठिणगी पडली की ती ज्योत होऊन जळत राहते. बाजूला केळीची वाळलेली पानं. पुढचं लिहीत नाही. शिवाय योजनेच्या पंपाला हात लावला की वॉरंटीवर पाणी सोडायचं.

घर गावठाणात असेल तर तिथं नेट मीटरचं वेगळं सोलर करा. मळ्यातलं मळ्यात राहू द्या.

केळीवाला, 11 फेब्रुवारी, दुपारी 3.25

बरं झालं विचारलं. तो उद्या येणार होता.

मूळचा पारोळ्याचा, 12 फेब्रुवारी, रात्री 11.50

पुण्यात फ्लॅटमध्ये राहून हा धागा वाचतोय. गच्ची सोसायटीची, पार्किंग बिल्डरचं, ऊन कोणाचं ते अजून सभेत ठरायचंय. तुम्ही सुखी आहात, चालू द्या.

सातपुडा, 3 मार्च, संध्याकाळी 6.20

राम राम मंडळी. मना प्रश्न जरासा येगळा शे. सगळ्यांना कळावं म्हणून पुढचं मराठीत लिहितो.

शहाद्याजवळचं गाव. घरावर 3 किलोवॅट, नेट मीटर. डिसेंबरपर्यंत रोज 12 युनिट पडायचे. आता ऊन वाढलं तर आकडा वाढायला हवा, उलट 8 वर आलाय. पॅनेल धुतले, काही फरक नाही. काल दुपारी मुद्दाम इन्व्हर्टरसमोर खुर्ची टाकून बसलो. साडेअकराला हिरवा दिवा गेला, लाल लागला, पडद्यावर ग्रिड ओव्हर व्होल्टेज. पाच मिनिटांनी परत चालू, दहा मिनिटांनी परत बंद. तीन वाजेपर्यंत हाच खेळ. पडद्यावर व्होल्टेज 257, 259, एकदा 261. बसवणारे म्हणतात इन्व्हर्टर चांगला आहे, वीज ऑफिसला सांगा. वीज ऑफिसचे म्हणतात लाइन चांगली आहे, इन्व्हर्टरवाल्याला सांगा.

गाडी माझ्याकडेही आहे. घरीच असते, दुकान शेजारीच. चार्जिंग रात्री करतो.

दीपनगरी, 3 मार्च, संध्याकाळी 7.00

या धाग्यात वीज खरोखर वाया जाणारे तुम्ही पहिलेच.

गिरणाथडी सरांची वीज खांबावर जाते आणि खात्यावर जमा होते. तुमची पॅनेलमध्ये तयारच होत नाही. इन्व्हर्टर बंद पडला त्या दहा मिनिटांचं ऊन गेलं ते गेलं, कुठल्याच मीटरवर ते दिसणार नाही.

कारण असं. दुपारी गावठाणाच्या ट्रान्सफॉर्मरवर भार नसतो, शेतीची लाइन (फीडर) वेगळी. व्होल्टेज मुळातच चढलेलं, 250 च्या आसपास. त्यात तुमचा इन्व्हर्टर वीज बाहेर ढकलतो. पाणी ढकलायला जसा दाब लागतो तसं वीज ढकलायला घरातलं व्होल्टेज खांबापेक्षा जास्त लागतं. किती जास्त, ते खांबापासून घरापर्यंतच्या तुमच्या सर्व्हिस वायरवर. खांब घरापासून किती लांब? वायर किती जाड?

सातपुडा, 3 मार्च, रात्री 8.30

खांब 40 मीटरवर. वायर ॲल्युमिनियमची, 4 चौरस मिलिमीटर लिहिलंय. माझ्या लग्नाच्या आधीची आहे.

दीपनगरी, 3 मार्च, रात्री 8.50

जाऊन-येऊन 80 मीटर. 4 चौरस मिमीच्या ॲल्युमिनियमला रोध साधारण 0.57 ओहम. तुमचा इन्व्हर्टर दुपारी 11-12 अँपिअर बाहेर देतो. गुणाकार करा, साडेसहा व्होल्ट. म्हणजे खांबावर 252 असेल तर घरात 258-259. जुने जोड गंजले असतील तर आणखी.

दोन उपाय. एक, सर्व्हिस वायर 10 चौरस मिमीची टाका. साडेसहाचे अडीच व्होल्ट होतील. सांधे नवीन. ट्रान्सफॉर्मरचा टॅप (व्होल्टेज वर-खाली करायची त्यातली सोय) बदलून घ्यायचा अर्जही द्या, पण त्याची वाट बघत बसू नका.

दुसरा उपाय तुमच्या दारात उभा आहे. गाडी रात्री नाही, दुपारी साडेअकराला लावा. ती 3 किलोवॅट घरातच खाईल, बाहेर ढकलायला उरणारच नाही, व्होल्टेज चढणार नाही, इन्व्हर्टर पडणार नाही. ज्या दिवशी लावाल त्या दिवसाचे युनिट इथं लिहा.

सातपुडा, 8 मार्च, रात्री 9.00

काका, तुमी सांगं तसंच व्हयनं!

बुधवारी गाडी लावली नाही: 8.1 युनिट. गुरुवारी साडेअकरा ते अडीच लावली: 12.9. शुक्रवारी गाडी भरलेलीच होती, घेईना: 7.8. शनिवारी मुद्दाम दोंडाईचाला फिरून आलो, बॅटरी उतरवली आणि दुपारी लावली: 12.6. चार्जिंग चालू असताना घरात 249 च्या वर गेलं नाही. बायको म्हणते वीज खपवायला दोंडाईचाला जाणारा तुम्ही पहिलाच माणूस.

गिरणाथडी, 8 मार्च, रात्री 9.30

हे भारी आहे! मी माझ्या ॲपमध्ये पाहिलं, माझं व्होल्टेज 238-240. म्हणजे माझं दुखणं मनाचंच होतं म्हणायचं.

पण काका, एक शंका. लाइट जाते तेव्हा भर दुपारी सोलर पण बंद. काल दीड तास गेली होती. छतावर लख्ख ऊन, गाडी दारात, आणि घरात अंधार.

दीपनगरी, 8 मार्च, रात्री 9.50

बंद पडलाच पाहिजे. लाइट गेली म्हणून वायरमन खांबावर चढलेला असतो. तुमच्या घरातून त्याच्या तारेत वीज गेली तर माणूस मरेल. बॅटरीवाला हायब्रिड इन्व्हर्टर असेल तर घरापुरतं चालू राहतं, पण तुम्ही तेवढ्यासाठी घेऊ नका. दीड तासात गाडीच्या चार-पाच युनिटांचा प्रश्न असतो, ते रात्री भरून निघतात.

जुगाडू धुळेकर, 15 मार्च, रात्री 1.10

पेटी तयार झाली. आणि फजिती पण झाली. सांगतो, हसू नका.

चारशे रुपयांचं मोजणीचं मॉड्यूल मुख्य वायरवर लावलं. दुपारी ते 2,100 वॅट दाखवायचं. मी आनंदात. प्रोग्राम लिहिला: 1,400 च्या वर दिसलं की गाडी सुरू, जेवढं दिसेल तेवढे अँपिअर. दुपारी झकास चाललं. रात्री आठला वर जेवत होतो, खाली आलो तर गाडी 16 अँपिअरवर धडाधड चार्ज होतेय! सूर्य मावळून तास उलटून गेलेला.

मग डोक्यात प्रकाश पडला. त्या मॉड्यूलला दिशा कळतच नाही. वीज येतेय की जातेय, दोन्हीकडे तो नुसता आकडा दाखवतो. रात्री बाबांनी गिझर लावला. मॉड्यूल म्हणे 2,000 वॅट, माझी पेटी म्हणे वा, उरलंय, गाडी सुरू. गाडी सुरू झाली म्हणून आकडा वाढला, आकडा वाढला म्हणून पेटीने अजून अँपिअर वाढवले. शेवटी मेन एमसीबी पडला तेव्हा थांबलं.

तर चिमटा घेताना व्होल्टेजच्या लाटेशी तुलना करून दिशा सांगणारा मीटरच घ्या. आणि ढगांच्या दिवशी दर मिनिटाला चालू-बंद होऊ नये म्हणून पाच मिनिटं सलग उरलं तरच सुरू, आणि दोन मिनिटं सलग कमी पडलं तरच बंद, असं ठेवा. नाहीतर गाडीतला कॉन्टॅक्टर (वीज जोडणारा-तोडणारा खटका) दिवसभर टकटक करत बसतो.

दीपनगरी, 15 मार्च, सकाळी 6.00

हसलो. आरसीसीबी लावलाय ना?

जुगाडू धुळेकर, 15 मार्च, सकाळी 10.30

लावलाय काका. फोटो टाकू का?

मधुमालती, 2 एप्रिल, रात्री 10.20

धागा शांतपणे वाचत होते, आज लिहायची वेळ आली. आम्ही भुसावळला. गेल्या वर्षीपासून गाडी आहे, सोलर आहे, सगळं सुरळीत. आठ दिवसांपासून चार्जरचा दिवा लाल. गाडी काही केल्या चार्जिंग घेईना. ओळखीच्या इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने सॉकेट उघडलं, बोटभर लांबीची वायर तोडून आत काहीतरी जोडलं, पाच मिनिटांत हिरवा दिवा. दीडशे रुपये घेतले. म्हणाला, ताई, अर्थिंगचा प्रॉब्लेम होता, न्यूट्रलला जोडून दिलं, आता कधीच येणार नाही.

तेव्हा बरं वाटलं. आता इथलं वाचून वाटतंय विचारावं. सॉकेटची एक पिन तपकिरीही झाली आहे.

दीपनगरी, 2 एप्रिल, रात्री 10.25

ताई, चार्जिंग चालू असेल तर आत्ता बंद करा. एमसीबी पाडा. गाडीला हात लावायच्या आधी.

दीपनगरी, 2 एप्रिल, रात्री 10.45

आता कारण सांगतो. चार्जर लाल दिवा दाखवत होता तो तुमच्या भल्यासाठी. त्याला अर्थिंग सापडत नव्हतं. त्या माणसाने खोटं अर्थिंग दाखवून त्याचं तोंड बंद केलं. गाडीचा पत्रा आता तुमच्या न्यूट्रलला जोडलेला आहे. खांबावर किंवा मीटरशी न्यूट्रल सुटला, आणि एप्रिल-मेच्या वादळात तो सुटतोच, तर घरातल्या फ्रिजमधून, पंख्यातून फेज त्या न्यूट्रलवर येईल आणि गाडीचा अख्खा पत्रा जिवंत होईल. ओल्या पायाने कोणी दार उघडलं की संपलं.

अर्थिंग आत्ताच का गेलं? आपली काळी माती. पावसाळ्यात ओली, तेव्हा अर्थिंग उत्तम. मार्च-एप्रिलला ती वाळते, भेगा पडतात, माती सळईपासून सुटते. दरवर्षी हेच.

उद्या चांगला माणूस बोलवा. ती वायर काढा. फेज आणि अर्थिंगमध्ये मीटर लावा, 230 च्या जवळ हवं. अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घाला, खड्डा जुना असेल तर नवीन करा. सॉकेटही बदला. चांगल्या कंपनीचं 16 अँपिअरचं घ्या, मीटरपासून 4 चौरस मिमीची तांब्याची वायर स्वतंत्र आणा, मधे जोड नको. तीन-तीन तास 13-14 अँपिअर वाहणं म्हणजे इस्त्रीसारखं पाच मिनिटांचं काम नव्हे. पिन तपकिरी झाली म्हणजे आत सैल आहे.

मधुमालती, 6 एप्रिल, दुपारी 4.00

काका, तुमचे उपकार. वायर काढली. ती वायर मी डब्यात ठेवली आहे, जाताना बोट लावून बघते आणि अंगावर काटा येतो.

फेज-अर्थिंग 151 दाखवत होतं. खड्डा उघडला तर माती अक्षरशः सळईपासून दोन बोटं लांब. नवीन खड्डा केला, कोळसा-मीठ भरलं, आता 229. कूलरचं पाणी बदलताना जे सांडतं त्याची नळी खड्ड्यात सोडली आहे. माझी सासू म्हणते, बरं झालं, मोगरा पण तिथंच लावू.

सॉकेट बदललं. जुनं उघडलं तर आतली पितळी पट्टी निळी पडलेली.

गिरणाथडी, 7 मे, रात्री 9.15

हिशोब द्यायचा राहिला होता.

काकांचं ऐकून फेब्रुवारी-मार्चमध्ये 712 खपवायच्या मागे लागलो. स्वयंपाक इंडक्शनवर आणला (सुरुवातीला आईने भाकरी होत नाही म्हणून चूल पेटवायची धमकी दिली, आता वरण-भात-चहा इंडक्शनवर आणि भाकरी गॅसवर असा तह झालाय). महिन्याला साधारण 90-100 युनिट त्यात गेले. रोजच्या एरंडोलला सव्वादोनशे जातातच. दोन रविवारी पाचोऱ्याला बहिणीकडे जाऊन आलो, येताना बाहेरच्या चार्जरवर एकही पैसा घातला नाही. एवढं करूनही 31 मार्चला 488 उरले. मिळालेले पैसे बिलातून वळते झाले, रक्कम सांगत नाही, बायको इथं वाचते.

आणि एप्रिलचं बिल! शिल्लक शून्यावरून सुरुवात. सोलरने दिले 385. कूलर दिवस-रात्र, इंडक्शन, गाडी, सगळं मिळून गेले 540. म्हणजे 155 युनिटचं बिल भरलं. पाच आठवड्यांपूर्वी 488 युनिट मातीमोल दिले होते हाताने.

ऊन वाढलं तरी सोलर 385 वरच का, हा प्रश्न विचारणार होतो.

दीपनगरी, 8 मे, सकाळी 6.10

पॅनेलला ऊन आवडतं, उष्णता नाही. बाहेर 45 असताना पॅनेल 70 अंशांवर जातं. 25 च्या वर प्रत्येक अंशाला साधारण 0.35 टक्के घट धरा. 45 अंश गुणिले 0.35, पंधरा-सोळा टक्के गेले. त्यात धूळ. पहाटे धुवा, दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी नको. बोअरचं पाणी वापरून तसंच वाळू देऊ नका, क्षारांचे पांढरे डाग बसतात आणि मग ते निघता निघत नाहीत. पुसून घ्या.

इंडक्शन एप्रिल-मेमध्ये बंद करून पुन्हा गॅसवर जा. ऑक्टोबरपासून इंडक्शन. शिल्लक असते तेव्हा खर्च करायची, नसते तेव्हा नाही.

आणि दुपारी चार्ज करता की रात्री?

गिरणाथडी, 8 मे, रात्री 8.00

सकाळच्या शाळेमुळे पाऊण वाजता घरी आलो की आई गाडीला प्लग लावायला सांगते. तिला तीनदा समजावलं की रात्री लावली तरी तेवढंच. ती म्हणते, दिवसाची आपली असते, रात्रीची सरकारची. मी वाद सोडून दिलाय.

सातपुडा, 9 मे, रात्री 9.45

वायर बदलायचा अर्ज देऊन दोन महिने झाले, अजून 4 चौरस मिमीच आहे. मी दुपारी गाडी लावतोय, पण दुकानात गर्दी असली की विसरतो. गाडी भरलेली असली तर इन्व्हर्टर पडतोच. कधी 11 ला व्होल्टेज चढतं, कधी एकला. रोज उठून पडद्याकडे बघायचं म्हणजे... आते काय करानं?

जुगाडू धुळेकर, 9 मे, रात्री 10.05

भो, थांब! तुझं काम माझ्या पेटीने होईल. आणि तुला दिशा मोजायचीच गरज नाही.

तुझा प्रश्न किती उरलं हा नाही, व्होल्टेज किती चढलं हा आहे. व्होल्टेज तर ते चारशे रुपयांचं मॉड्यूलही नीट मोजतं. 252 च्या वर गेलं की 6 अँपिअरने गाडी सुरू. तरी चढतंय तर 8, 10, 12. 246 च्या खाली आलं की उतरवत जायचं. पायलटच्या तारेवरूनच सांगायचं, म्हणजे चालू लोडवर प्लग तोडायचा प्रश्न नाही. हळूहळू भरत गेली की तुझी गाडी तासात भरून मोकळी होणार नाही, दुपारभर पुरेल.

माझ्या घरी तशीही ती पेटी नुसती पडून आहे. काका म्हणाले तेच खरं, मला तिचा एक पैशाचा उपयोग झाला नाही.

दीपनगरी, 10 मे, सकाळी 6.00

हे चालेल. चांगलं डोकं लावलंत. गाडी 80 टक्क्यांवर थांबवू नका, दुपारी सुरू होताना 50 च्या खाली राहील असं फिरणं ठेवा. 10 चौरस मिमीची वायर आली की पेटी काढून टाका. बसवायच्या आधी अर्थिंग मोजा, मधुमालती ताईंसारखं नको. फेज-अर्थिंगचा आकडा इथं लिहा, मगच चालू करा.

सातपुडा, 10 मे, सकाळी 8.15

रविवारी येतोस का मग? दोंडाईचामार्गे ये, रस्ता बरा आहे. जेवायला शेवभाजी आणि कळण्याची भाकरी. मीटर आहे माझ्याकडे, आज संध्याकाळी अर्थिंग मोजून लिहितो.

सातपुडा, 10 मे, संध्याकाळी 7.40

फेज-अर्थिंग 188. खड्ड्यात दोन बादल्या पाणी घातलं, तासाने 214. उद्या सकाळी परत मोजतो.

दीपनगरी, 10 मे, संध्याकाळी 7.45

पाण्याने चढतंय म्हणजे खड्डा कोरडाच आहे. नवीन करा. पेटी पुढच्या रविवारी.